मिठाचा हात

मी उत्तरा. विद्यापीठात तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि तीस वर्षं पोरांवर ओरडले. निवृत्तीनंतर डोंबिवलीत ओरडायला फक्त कुंड्या उरल्यात, म्हणून कल्पिता फार आठवते.

खाडीकाठच्या कोलशेतची मुलगी. आजोबा धाकूबाबा मिठागरात राबलेले; पुढे मिठागर गेलं, तिथं इमारती आल्या. कल्पिता एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मोडाच्या वालांतून एक एन्झाइम वेगळं काढत होती. वालांच्या रसात एका जातीचं मीठ मिसळलं की प्रथिनं खाली बसतात. पण घाई केली की सगळं नासतं, आणि हिला भारी घाई. दोनदा रस वाया घालवला. आता शेवटची बाटली उरली होती आणि सोमवारी प्रबंध द्यायचा होता. घरी स्थळं बघणं चालू होतं. वर्ष बुडालं असतं तर शिक्षणही तिथंच संपलं असतं.

रविवारी धाकूबाबा डबा घेऊन थेट प्रयोगशाळेत आले.

"यांना आत कुणी सोडलं?" मी कडाडले.

त्यांचं लक्षच नव्हतं. ते मिठाचा चमचा रसावर धरलेल्या नातीच्या हाताकडे बघत होते.

"बाय, वतू नको. पेर. पयलं इरघळू दे, मंग दुसरं."

कल्पितानं माझ्याकडे पाहिलं. का कोण जाणे, मी मान डोलावली. म्हाताऱ्यानं हात धुतले, चमचा घेतला आणि दीड तास चिमूट चिमूट मीठ सोडलं. वय झालेला हात, कापेल म्हणून मी टपून उभी, पण कसला कापतोय! प्रथिन शहाण्यासारखं खाली बसलं. संध्याकाळच्या चाचणीत एन्झाइम जिवंत निघालं. कल्पिता रडली. मीही, जरा.

जाताना बोटं चोळत ते म्हणाले, "वीस वर्सांनी हाताला मीठ लागलं. परत टाकाचं आसंल तं बोलवा, मॅडम."

"हो, नक्की," मी म्हटलं. आपण म्हणतो तसं.

कल्पिता आता तिथंच पीएचडी करते. गेल्या आठवड्यात आली ती आजोबा गेले हे सांगायला.

"मॅडम, दर रविवारी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसायचे. विचारलं की म्हणायचे, मॅडमचा फोन येल."

त्या रविवारनंतर मी आणखी तीन वर्षं शिकवलं. दर वर्षी मुलांकडून तोच प्रयोग करून घेतला, "ओतू नका, पेरा!" असं ओरडत. फोन मात्र एकदाही केला नाही.