रविवारची येळवस

लग्नानंतर पुण्याला निघाले तेव्हा अण्णा पिशवी घेऊन धर्मापुरीच्या फाट्यापर्यंत आले होते. एसटी दिसली आणि मला रडू कोसळलं. "रडतीस कावून? पुणं काय लंकेत हाय का? सणावाराला यायचं," असं म्हणाले आणि बस हलायच्या आत पाठ फिरवून चालायला लागले. घरी जाऊन ते जेवले नाहीत, हे आईनं नंतर फोनवर सांगितलं.

सणावाराला यायचं! बोलायला किती सोपं. तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला वाटतं आम्हाला गावाची आठवणच येत नाही. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलात, तुम्हाला वेगळं काय सांगू? येळवस तर पुण्यात कुणाला माहीतही नाही. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला घराघराला कुलूप, सगळा गाव शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हात धरून शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील जेवायला बसवायचं. आई गेल्यापासून अण्णा एकटेच मांडतात. मी त्यांची एकुलती एक लेक, आणि आई गेल्यावर एकाही येळवशीला मला जमलं नव्हतं. यंदा येतेच म्हणून शब्द दिला होता.

नेमकी त्याच दिवशी, शुक्रवारी, ईश्वरीची, माझ्या सहावीतल्या मुलीची, शाळेत रिले निघाली. शेवटचा टप्पा तिच्याकडे. "मम्मी, तू मागच्या वर्षीपण नव्हतीस," हे तिनं भांडून नाही, वेणी घालून घेताना सहज म्हटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. त्यात ऑफिसात नवा क्लायंट, कितीतरी महिने माझी झोप उडालेली. कंपनीनं बर्नआउटवर सेशन ठेवलं, तेही जेवणाच्या सुट्टीत. बोंबला!

मग मी अण्णांना फोन करून विचारलं, "अण्णा, येळवस रविवारी ठेवूया का?"

अण्णा म्हणाले, "आगं, आमुशा काय तुमची मिटिंग हाय का, पुढं ढकलायला?" मी हसले. ते हसले नाहीत. "लेकराचं पळणं बघ आधी," म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी मैदानावर होते मी. होते म्हणजे काय, नुसती उभी होते. ईश्वरीच्या हातात बॅटन आलं आणि क्लायंटचा फोन वाजला. दोन वाक्यं बोलून मान वर केली तर ती रेषेपलीकडं वाकून धापा टाकत मलाच शोधत होती. "बघितलंस?" मी हो म्हणाले. तिनं माझ्या हातातल्या फोनकडं पाहिलं आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकली. धड मुलीची झाले नाही की बापाची. घरी येताना रिक्षात मला स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळी अण्णांचा फोन. "पूजा आज केली. ती काय ढकलता येत न्हाई. जेवण रविवारी ठिवलंय. कोपी मोडली न्हाई, या."

गावानं त्यांना वेड्यात काढलं म्हणे. अमावस्या सरल्यावर कुणी कोपीत जेवतं का? शेजारच्या मथुराकाकूंनी मात्र बडबड करत का होईना, पुन्हा भज्जी रांधली.

रविवारी आम्ही मायलेकी पोचलो. ज्वारी कमरेला आली होती. चार माणसं जमेपर्यंत जरा टेकते, म्हणून मी कोपीत शिरले, आणि झोपलेच की! पंगत बसली, उठली, मला पत्ता नाही. डोळे उघडले तेव्हा ऊन कललं होतं. अण्णा कोपीच्या तोंडाशी माझ्याकडं पाठ करून बसले होते आणि बांधावर बोलणाऱ्याला दटावत होते, "हळू बोल बे, लेक निजलीय." माझं ताट झाकून ठेवलेलं. मला भरून आलं. घर कशाला म्हणायचं, हे आता मला विचाराल तर मी एवढंच सांगेन, की तिथं आपली वाट बघतात आणि आपण झोपलो तर उठवत नाहीत.

ईश्वरी बूट घालून कधीची बांधावर बसली होती. मला पाहताच उठली.

"आजोबा केव्हाचे म्हणतायत, पळून दाखव. मी म्हटलं, मम्मी उठल्यावर."

ती पळाली, आणि बांध संपेपर्यंत मी नजर हलवली नाही.