एक पांढरी रेघ

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. येवल्याहून आलेला, ट्रक रंगवणारा म्हातारा पेंटर. आमच्या अंगणात वडिलांच्या जुन्या अँबॅसिडरचं काम संपत आलं होतं. माझ्या यादीत एकच ओळ उरली होती: दोन्ही बाजूंना पांढरी रेघ. ती चुकली असती तर नवा काळा रंग खरवडावा लागला असता. रेघ सरळ यावी म्हणून मी कडेला लावायची चिकटटेप पुढे केली.

"टेपनं हात झोपतो, ताई," म्हणत त्याने ती परत दिली. ब्रश रंगात बुडवून, करंगळी पत्र्यावर टेकवून तो पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत न थांबता सरकत गेला. रेघ दोऱ्यासारखी सरळ! मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हातच हलेनात.

"श्वास घ्या आता," वळून न बघता तो म्हणाला, "उजवी बाजू बाकी हाय."