ताईंचं शहाळं

अक्षर माझं कोंबडीच्या पायांसारखं. चौथीनंतर पाटी सुटली, तेव्हा चुका असणारच, माफ करावं.

ताई, म्हणजे माझी मोठी जाऊ, आषाढात गेल्या. सकाळी चहा घेऊन गेले तर कुशीवर झोपल्यासारख्याच होत्या... रडले खूप, पण हायसंही वाटलं. नळी नाही, दवाखाना नाही, गिरीज गावच्या आपल्या घरात, आपल्या उशीवर गेल्या.

नळीचं एकदा झालं होतं. हृदयाचे ठोके चुकायचे म्हणून ताईंना रक्त पातळ ठेवायची गोळी होती, सकाळ-संध्याकाळ. हरतालिकेला त्या निर्जळी उपास धरतात, असं त्यांचे यजमान, आमचे भावजी, चारचौघांत कौतुकानं सांगायचे. खरं मला ठाऊक होतं. सकाळी वाडीत मी शहाळं फोडायचे आणि ताई माडाआड उभ्या राहून त्या पाण्याबरोबर गोळी घ्यायच्या. देव बघतो, पण तो तुझ्या भावजींना सांगत नाही, म्हणायच्या.

एका हरतालिकेला दुपारी त्यांना धाप लागली, बोलणंच बंद झालं. विरारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पाकिटं पाहिली. म्हणाल्या, श्वासासाठी घशातून नळी घालावी लागेल, पण ही गोळी आज घेतली असेल तर आत नुसतं खरचटलं तरी रक्त थांबायचं नाही, फुप्फुसात उतरेल. घेतली का?

"निर्जळी उपास आहे तिचा," भावजी म्हणाले. "पाणी नाही, तर गोळी कुठली?"

भावजींसमोर मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. बोलले तर ताईंचं इतक्या वर्षांचं गुपित फुटणार, आणि गप्प राहिले तर... पदर तोंडाशी धरूनच म्हणाले, "घेतली. सकाळी, शहाळ्याबरोबर."

डॉक्टरीणबाईंनी भूल देणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी रक्त ओढायचं यंत्र हाताशी ठेवून, कॅमेऱ्यात बघत, तोंडातून अलगद नळी सरकवली. ओठाला थोडं रक्त आलं, तेवढंच.

नळी निघाल्यावर ताईंचा आवाज घोगरा झाला होता. "फितूर," मला म्हणाल्या, आणि माझा हात काही सोडला नाही. पुढच्या हरतालिकेपासून त्या ओटीवर बसून, भावजींच्या देखत गोळी घ्यायच्या.

यंदाच्या हरतालिकेलाही मी निर्जळी उपास धरला, पण वाडीत पाऊल वळेना. तेवढ्यात ओटीवर कोयत्याचा आवाज झाला. भावजींनी शहाळं फोडलं होतं. एक पेला ताईंच्या जागेवर ठेवला, दुसरा माझ्यापुढे सरकवला.

"पी," म्हणाले. "मी कोणाला सांगत नाही."