टिकाव, फावडं आणि आमची मंडळी

बाकीच्यांचे किस्से लग्नात, सहलीत, नाहीतर पिण्याच्या बैठकीत साठतात. आमचे साठले ते कबर खणताना. एक जण खड्ड्यात उतरलेला, बाकीचे वर मातीच्या ढिगावर बसलेले. काम अवघड, वेळ जाता जात नाही, आणि ज्याच्यासाठी खणतोय तो रोजच्या ओळखीचा. मग कोणीतरी त्याचीच आठवण काढायचं. तिच्यातून दुसरी निघायची. खड्डा पुरा होईपर्यंत आमचं हसूनही झालेलं असायचं आणि रडूनही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीत आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं थोडी. चर्चला येणाऱ्या सगळ्यांना मिळून आम्ही 'मंडळी' म्हणतो. गावाबाहेर कॅनॉलच्या अंगाला आमची दफनभूमी. वर बोटभर माती आणि खाली नुसता मुरूम. पैसे देऊन माणूस बघावा तर कुणी यायचं नाही. विहीर खोदतो, चर खणतो, पण हे काम नको, म्हणायचे. म्हणून आम्हीच खणायचो.

आम्ही म्हणजे चौघं. शांतवनतात्या, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. प्रभाकर सर, वडगाव निंबाळकरच्या शाळेत शिक्षक. फिलिप, कऱ्हाटीकडून डेअरीला दुधाचे कॅन आणणारा टेम्पोवाला. आणि मी, एमआयडीसीत फिटर.

*

पुण्याहून नवे पाळक आले. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू. हे अगदी तरुण होते, सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या कॉलेजातून, नुकतेच बाहेर पडलेले, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी विचारलं, "इथे पुरुषांचा काही उपक्रम चालतो का? बायबल अभ्यास, प्रार्थना, असं काही?"

तात्या म्हणाले, "चालतो की. खड्डं खंदतो."

पाळक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

त्याच आठवड्यात आमच्या एस्तेरमावशी गेल्या. पाळक जागा बघायला म्हणून दफनभूमीत लवकर आले, तर तात्यांनी त्यांच्या हातात टिकाव दिला. पाळकांनी बाह्या सरसावल्या. माणूस मनाचा चांगला होता, मागं हटला नाही. पण दुपारपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले आणि फुटलेसुद्धा. दफनविधीच्या वेळी बायबलचं पान उलटायला बोटं वळेनात. शेवटी पुस्तक मिटून काखेत धरलं आणि तोंडपाठ येत होतं तेवढंच म्हटलं.

परत जाताना ते म्हणाले, "तात्या, सेमिनरीत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही."

तात्या म्हणाले, "त्ये तरी काय करत्याल. तितं समदी तरनी पोरं. तितं कोन मरतंय?"

*

कंपनीत माझे साहेब माझ्या रजांना वैतागलेले.

"कोण वारलं?"

"मंडळीतले आहेत, साहेब."

"नात्यात?"

"नाही."

"अरे, तुमची माणसं किती आणि मरतात किती," असं म्हणत सही करायचे.

एकदा मात्र त्यांनीच मला बोलावून घेतलं. एमआयडीसीच्या रस्त्यावर ट्रकनं एका मजुराला उडवलं होतं. बांधकामावर नुकताच आलेला, मुकादमालाही त्याचं गाव माहीत नव्हतं. पोलिसांनी फोटो काढून ठेवला, वाट पाहिली, कुणी आलं नाही.

"गळ्यात क्रॉस आहे," साहेब म्हणाले. "तुमच्यातला दिसतो."

मी तात्यांना विचारलं, काय करायचं. ते म्हणाले, "गळ्यात क्रूस हाय न्हवं? मग आपलाच. उचला."

आम्ही खणलं, पेटी आणली, पाळकांनी प्रार्थना केली. सगळं रीतसर झालं, पण रडायला कुणी नव्हतं. इतकी गप्प मयत मी कधी बघितली नव्हती. मातीचा आवाज तेवढा पेटीवर. आणि मग फिलिप रडायला लागला. ज्याचं तोंडही धड बघितलं नाही त्याच्यासाठी तो हुंदके देऊन रडला. नंतर मला म्हणाला, "कुनीतरी रडाया पायजे का न्हाय?"

काही महिन्यांनी त्या मजुराचा भाऊ शोधत शोधत आला. परभणीकडचा होता. पोलिसांकडे फोटो पाहून त्याची ओळख पटली होती. आम्ही त्याला कबर दाखवली.

"तुम्ही पुरलं त्याला?" तो म्हणाला. "आमच्यात जाळतेत."

फिलिप चाचरत म्हणाला, "गळ्यात क्रूस हुता."

"जत्रेत घेतला होता. हौशी होतं लई. चमकणारं काहीबी गळ्यात घालायचं."

तात्यांनी हात जोडले. "चुकलं आमचं," म्हणाले. "आमी गळ्यातलंच बघितलं."

भाऊ कबरेच्या उशाशी जाऊन वाकला. मग त्यानं विचारलं, "त्याच्या मातीला कोणी रडलं का?"

सरांनी फिलिपकडे बोट केलं. त्या माणसानं फिलिपचा हात धरला आणि तिथेच मातीत खाली बसला. हात काही सोडेना. फिलिपचा दुधाचा टेम्पो त्या दिवशी डेअरीला पोचलाच नाही.

*

दफनभूमीला लागून ज्यांचं शेत होतं त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला सगळे आबा म्हणायचे. आबांचं आणि आमचं कधी जमलं नाही. आमची माणसं त्यांच्या बांधावरून जातात, जनावरांचं कडवाळ तुडवतात, ही त्यांची तक्रार. पेटी खांद्यावर असली तरी ते लांबून ओरडायचे.

एका सकाळी आबा स्वतः फिलिपच्या दारात आले. त्यांच्या लेकीचं बाळ गेलं होतं. बाळंतपणाला आलेली लेक, आणि बाळ आठवडाभरही जगलं नाही.

"येवढ्या ल्हान लेकराला आमच्यातबी जाळत न्हाईत, पुरत्यात," ते म्हणाले. "जावई अजून पोचला न्हाय. मी टिकाव उचलून बघितला. हात वर जाईना. तुमाला सवय हाय."

आम्ही त्यांच्या शेताच्या कोपऱ्यात, शेवग्याखाली खणायला घेतलं. तात्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकटेच खड्ड्यात. सारखे थांबायचे, कडा साफ करायचे, खडा दिसला की बोटांनी वेचून बाहेर टाकायचे. मी म्हटलं, "तात्या, एवढ्याशा खड्ड्याला इतका वेळ?"

ते म्हणाले, "ल्हान खड्डा लवकर हुत न्हाय, बाबा."

माती लोटून झाल्यावर आबा म्हणाले, "तुमी तुमच्या मान्सांपाशी कायतरी म्हनता. आमाला लांबून ऐकू येतं. त्ये म्हना."

तात्या म्हणाले, "तुमचा द्येव येगळा, आबा."

"म्हना वो. ह्याचं अजून बारसंबी न्हवतं झालं. कुनाचंबी म्हना."

तात्यांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, आमची नेहमीची प्रभूची प्रार्थना म्हणतील. पण ते एवढंच बोलले, "द्येवा, ह्याचं बारसं आता तुझ्याकडं."

*

प्रभाकर सरांचा आवाज आमच्या सगळ्या उपासनेचा कणा होता. गीत त्यांनी उचललं की आम्ही मागं. त्यांची बायको मार्था सरकारी दवाखान्यात नर्स होती. अर्ध्या बारामतीची बाळंतपणं तिच्या हातची. तिला कॅन्सर झाला. सरांनी उपास केले, रोज पहाटे चर्चची किल्ली घेऊन एकटे प्रार्थनेला बसायचे. पुण्याला नेलं, परत आणलं. ती गेली.

तिच्यासाठी खणताना सर आलेच. मी त्यांच्या हातातून टिकाव काढून घेतला आणि त्यांना लिंबाखाली बसवलं. तिथून ते सारखे विचारायचे, "किती झालं? किती खोल झालं?" आम्ही सांगायचो, होत आलं, सर. वर्गातल्या पोराला गणित सोडवायला देऊन विचारावं तसा आवाज. मला तो अजून ऐकू येतो.

त्यानंतर सर चर्चला यायचे बंद झाले. नाताळ नाही, ईस्टर नाही. पाळक घरी गेले तर चहा द्यायचे, पण प्रार्थनेची वेळ आली की उठून आत जायचे. तात्यांना एकदा सरळ म्हणाले, "मी खूप मागितलं, तात्या. आता मागायचं बळ नाही." तात्यांनी त्यांना समजावलं नाही. नुसतं बसून राहिले त्यांच्यापाशी.

पण मंडळीत कुणी गेलं की दफनभूमीत सर्वांत आधी सर. शर्ट काढून फांदीला अडकवायचा आणि खड्ड्यात उतरायचं. कुणाशी बोलणं नाही.

पाळकांना हे कळेना. एकदा त्यांनी खड्ड्याच्या काठावर बसून हलक्या आवाजात विचारलं, "सर, राग मानू नका. तुम्ही म्हणता विश्वास राहिला नाही. मग इथं कसे येता?"

सरांनी घाम पुसला. म्हणाले, "विश्वास नाही राहिला, पाळकसाहेब. टिकाव आहे."

*

आता तात्यांच्या आईचं सांगतो.

तात्या लहान असताना त्यांचे आईवडील ख्रिस्ती झाले. छप्पन सालानंतर वस्तीतली बाकीची घरं बौद्ध झाली. त्यात तात्यांचा धाकटा भाऊ किसनही बौद्ध झाला. तात्या ख्रिस्तीच राहिले. भावाभावांत भांडण असं कधी झालं नाही. वडील गेल्यावर आई किसनकडे इंदापुरात राहायची. तिथं विहारात वंदनेला बसायची आणि नाताळला बारामतीत येऊन तात्यांशेजारी चर्चमध्ये बसायची. कुणी विचारलं, आजी, तुमचा धर्म कोणता, तर म्हणायची, "मला दोन पोरं हायती."

एका सकाळी इंदापूरहून तात्यांच्या शेजारच्या दुकानात फोन आला. आई गेली. तात्या एसटीला पळता पळता आम्हाला म्हणाले, "तुमी खंदायला घ्या. मी तिला घिऊन येतो. बाच्या शेजारी जागा हाय."

आम्ही तिघांनी लगेच सुरुवात केली. त्यांच्या वडिलांच्या कबरेला लागून जागा आखली. त्या दिवशी मुरूम फार कडक लागला. सरांनी आणि मी आळीपाळीनं खणलं, फिलिपनं माती ओढली. दुपारनंतर खड्डा तयार झाला. पाळक झगा घालून आले. बायकांनी फुलं आणली. मंडळी जमली आणि रस्त्याकडे बघत बसली. कुठलाही टेम्पो दिसला की सगळे उठायचे. टेम्पो पुढं निघून गेला की परत बसायचे.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तात्या आले. चालत. एकटेच.

त्यांनीच सांगितलं. किसन म्हणाला होता, "तात्या, तू थोरला. तू म्हनशील तसं. पर आई हितं ऱ्हायली. आजारपनात ह्या गल्लीतल्या बायांनी तिचं हागनंमुतनं काढलं. आता त्यास्नी काय सांगू, तिला उचलून दुसऱ्या गावाला न्हेतो म्हनून? तितं तिला कोन वळखतं?"

"मी बरं म्हनालो," तात्या म्हणाले. "खरंच हुतं की त्याचं. तिला आंघूळ घालाया बसलेल्या बायांत आपली येकबी न्हवती."

मग त्यांनी आईला खांदा दिला. त्रिसरण, पंचशील म्हटलं गेलं तेव्हा मागं हात जोडून उभे राहिले. किसननं अग्नी देताना तात्यांचा हात धरून आपल्या हातावर ठेवला. तिथून ते थेट एसटी स्टँडवर आले.

पाळकांना राहवलं नाही. "पण तात्या, त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. तुम्ही आग्रह धरायला हवा होता."

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही. "येशूनं क्रुसावरनं आईला दुसऱ्याच्या हवाली केलं, पाळकसाहेब. आता ह्योच तुझा ल्योक, म्हनाला. मी काय येगळं केलं?"

मंडळी हळूहळू पांगली. बायकांनी फुलं वडिलांच्या कबरेवर ठेवली. पाळकही गेले. आम्ही चौघं उरलो आणि तो खड्डा.

"बुजवा," तात्या म्हणाले.

कुणाचाच हात फावड्याकडे जाईना. इतक्या कबरी आम्ही बुजवल्या होत्या, पण आत कुणीच नाही अशी कधी बुजवली नव्हती. सर कडेला बसून खाली बघत होते. मी उगाच टिकावाची माती खरवडत होतो.

फिलिपला असली शांतता सोसायची नाही. आमच्यात ईस्टर हा मोठा सण. मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला आणि त्याला बघायला गेलेल्या मरिया नावाच्या त्याच्या शिष्येला कबर रिकामी सापडली, त्याचा आनंद म्हणून साजरा करतात. फिलिपला तेच आठवलं असावं. तो म्हणाला, "तात्या, आपल्यात रिकामी कबर म्हंजी आनंदाची बातमी असती."

सरांनी दचकून वर पाहिलं. मला वाटलं, आता तात्या चिडतील.

तात्या खड्ड्याच्या काठावर बसले होते. पाय आत सोडलेले. त्यांनी एक मूठ माती घेतली आणि हळूहळू आत सोडली.

"व्हय, फिलिप," ते म्हणाले. "पर त्याला हुडकत आलेली मरिया ती रिकामी कबर बघून आदी रडलीच हुती."