मोठीने मांडलेली चूल

त्या घरात डोकं चालवायचं काम मोठीचं. नवरा तिचा साधा, विचारलं तरी हो म्हणणारा, न विचारताही हो म्हणणारा. ती लग्न होऊन आली त्याच साली सासू गेली, तेव्हा धाकटा दीर सात वर्षांचा. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याचं लग्न लावून देईपर्यंत सगळं हिनेच निस्तरलं. स्वतःला मूल झालं नाही. कुणी कीव करायला लागलं की म्हणायची, "हा आहे की घोडा! आणखी कशाला हवेत?"

तर गावात मदतीचा कागद आला. दर हंगामाला पैसे थेट घरच्या बाईच्या खात्यात, मध्ये कुणाचा हात नाही. मदत घरटी एक, आणि घर म्हणजे एक चूल. सगळ्यांनी कागद वाचला आणि घडी करून ठेवला. मोठीने दोनदा वाचला.

"एका चुलीला एक मदत," ती म्हणाली, "मग दोन चुली करू. जमीन कागदावर अर्धी अर्धी. पैसे येऊन येऊन येणार कुठे? याच घरात ना?"

धाकटी, म्हणजे तिची जाऊ, म्हणाली, "म्हणजे मी तिकडे एकटीने रांधायचं?"

"चार दिवसांचं नाटक गं. हौस म्हणून कर."

अवजारांच्या खोलीत मोठीने स्वतः माती मळून चूल घातली. कोरी चूल पाहून शेंबडं पोरही हसेल, म्हणून मक्याची दाणे काढलेली कणसं जाळून जाळून ती काळी केली. वाटणीच्या कागदावर दोघा भावांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून हिने. इतकं सगळं बिनचूक करायची काय गरज होती, ते तिलाच ठाऊक. तपासणीस बाई आल्या, झाकणं उचलून पाहिली, दोन्ही घरं मंजूर करून गेल्या. जाताना सांगून गेल्या, पुन्हा कधीही न कळवता येऊ.

झालं! कधीही येणार म्हटल्यावर दुसऱ्या चुलीवर रोज काहीतरी शिजायलाच हवं. आणि शिजवलेलं काय उकिरड्यावर टाकायचं? खावंच लागतं.

पैसे आले आणि खोटं कशाला बोला, बरंच भलं झालं. गळक्या छपरावर पत्रे चढले. दोन वर्षं धाकटीला रडवणारी दाढ एकदाची निघाली. बियाण्यासाठी कुणाच्या दारात हात जोडून उभं राहावं लागलं नाही. मोठी गावभर छाती काढून फिरली.

पण धाकटीला त्या चुलीची चटक लागली. मीठ आपल्या हाताने घालायचं, नवरा येईल तेव्हा गरम वाढायचं, स्वतः त्याच्या शेजारी बसून जेवायचं. मोठीच्या स्वयंपाकघरात आठ वर्षं ती सगळ्यांच्या मागून जेवली होती. तुला तिखट कमी लागतं का, एवढं साधं मोठीने कधी विचारलं नव्हतं. हे मोठीला कळत नव्हतं असं नाही. पण कबूल कोण करतो?

मग मक्याच्या खुरपणीत गंमत झाली. दरसाल चौघं एका ओळीने बसायची. यंदा धाकटीने आपल्या पैशांतून दोन मजूर बायका लावल्या आणि आपला अर्धा तुकडा तीन दिवसांत स्वच्छ केला. मोठी आणि तिचा नवरा आपल्या अर्ध्यात नऊ दिवस गुडघे झिजवत बसले. बांधापलीकडून धाकटीने पाणी आणून दिलं, हसून दिलं, पण खुरपं घेऊन बसली नाही.

संध्याकाळी मोठीने धाकट्याला गाठलं. तो फवारणीच्या पंपाची नळी साफ करत होता.

"पुरे झालं नाटक. उद्या ती चूल मोडते मी."

"राहू दे वहिनी. तिला बरं पडतं."

"आणि तुला?"

त्याने नळीत फुंकर मारून पाहिली. "मलाही."

मोठीने पुढे दोन दिवस डोकं चालवलं. तिने आपल्यापरीने हिशेब मांडला: मदत बंद झाली की मजूर बंद, मजूर बंद झाले की धाकटा झक मारत भावाच्या ओळीत येऊन बसेल. दोन्ही मदती जाऊ देत. आग लागो त्या पैशाला. पोर माझं घरात जेवलं म्हणजे मिळवली.

पंधरा दिवसांनी तपासणीस बाई न कळवता आल्या. मोठीचा नवरा शेतात होता, धाकटा दारातच उभा होता. मोठीने त्यांना अंगणातच अडवलं आणि सगळं सांगून टाकलं. चूल खोटी, कागद खोटा, आम्ही एकच आहोत, युक्ती माझी. दोघींचीही नावं काढा.

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. तो आत गेला आणि वाटणीचा कागद घेऊन आला. "आमचं वेगळं होणं वहिनीने मनाला लावून घेतलंय," तो म्हणाला.

"ही सही तुमची ना?" बाईंनी मोठीला विचारलं.

"माझीच. पण—"

"मग सांगा, शेवटचं एकत्र कधी जेवलात?"

मोठीने आठवायचा प्रयत्न केला. पेरणीच्या आधी? त्याच्याही आधी? तिला एखादं खोटं बोलता आलं असतं, पण ऐनवेळी तेही सुचेना.

बाईंनी कागद परत केला. "काकू, घरं फुटली की थोरल्यांना जड जातं. मी रोज बघते. पण म्हणून धाकट्यांच्या पोटावर उठू नये." मग आत जाऊन चूल पाहिली, धाकटीने दिलेला चहा घेतला, आणि दोन्ही घरं कायम करून निघून गेल्या.

मोठी अंगणात तशीच उभी होती. धाकटा तिच्यापाशी आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्या अन्नात माती कालवायला निघालीस तू?"

खोटं काय त्यात? निघाली तर होतीच.