आठ सेकंदांवर लावलेला टायमर

सुरुवातीलाच वाचकांची माफी मागतो. या सदरात अनुभवी, लिहिते लोक लिहितात. मी विद्यार्थी आहे आणि माझं लिहिणं म्हणजे कॉलेजची जर्नल्स, तीही इंग्रजीत. बाबा इथे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, आहेत. घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नाही. भिलाईत आमची मराठी उंबऱ्याच्या आतच राहते, बाहेर पडलं की हिंदी. तेव्हा भाषेत काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. मी इलेक्ट्रिकलला आहे. करंट डोळ्यांना दिसत नाही, पण मीटरवर वाचता येतो. जे मीटरवर येत नाही ते नाहीच, असं माझं साधं मत होतं. अडचण अशी की जे घडलं ते मीटरवरही आलं आणि घड्याळातही.

गेल्या उन्हाळ्यात मला सहा आठवड्यांचं ट्रेनिंग करायचं होतं. ओळख नसेल तर कोणी दारात उभं करत नाही. शेवटी शामरावकाकांनी जागा मिळवून दिली. काका आमच्या साकोलीकडचे, बाबांच्या शेजारच्या गावचे. भिलाईजवळ कुम्हारीच्या एका राइस मिलमध्ये ते एकोणीस वर्षं मोटर चालवत होते आणि मिलमागच्याच खोलीत एकटे राहत होते. मी आमच्या हुडको कॉलनीतून सकाळच्या बसने जायचो. आठला मिल सुरू व्हायची, रविवारी सुट्टी.

मिलमध्ये एकच मोठी मोटर होती. तिच्यावरून पट्टा एका लांब शाफ्टवर आणि शाफ्टवरून बाकीच्या मशीनवर. अशी मोटर एकदम विजेच्या पूर्ण दाबावर सुरू केली तर पहिल्या झटक्यात कितीतरी पट करंट ओढते. म्हणून आधी तिला ‘स्टार’मध्ये, म्हणजे कमी दाबावर उठवायचं आणि वेग आला की ‘डेल्टा’त, म्हणजे पूर्ण दाबावर घ्यायचं. सुरू करण्याच्या बाकीच्या पद्धतीही मला पाठ होत्या. परीक्षेत हा प्रश्न येतोच.

काकांना ही नावं ठाऊक नव्हती. ते चपला काढून उभे राहायचे, डावा तळवा मोटरच्या अंगावर ठेवायचे आणि उजव्या हाताने स्टार्टरचं हॅन्डल पुढे ढकलायचे. मोटर घुमायला लागायची. काका मान कलती करून ऐकत राहायचे. मग पुटपुटायचे, “उठली...” आणि हॅन्डल झटक्यात स्वतःकडे, म्हणजे डेल्टात, ओढायचे. एका दिवशी नऊ सेकंद, एका दिवशी पंधरा. दाब कमी असला, पट्टे दमट असले, मशीनमध्ये कालचं धान अडकलेलं असलं, तर जास्त. त्यांनी कधी मोजलं नाही. मी बाबांच्या घड्याळावर मोजायचो.

“इंजिनेर,” ते मला म्हणायचे, “तुया पुस्तकात इचा आवाज लिवला हाये का?”

मी हसायचो. पण माझ्या डोक्यात प्रोजेक्ट होता — ऑटोमॅटिक स्टार्टर. बटण दाबा, बाकीचं टायमर करेल. मिलच्या मालकांना, शेठजींना, कल्पना फार आवडली. ते वाईट माणूस नव्हते. काकांची नजर कमी झाली आहे, वय झालं आहे, त्यांना आता गावी आराम मिळावा, असंच ते म्हणाले. ज्यांनी मला दारातून आत घेतलं त्यांनाच माझा प्रोजेक्ट दाराबाहेर काढतो आहे, हे मला तेव्हा कळत होतं. मी कळून घेतलं नाही.

टायमर किती सेकंदांवर लावायचा, हे मोजायला मी रविवार निवडला. मिल बंद, गडबड नाही, पट्टा उतरवलेला. मोकळी मोटर पाच सेकंदांत वेगात आली. सुरक्षिततेसाठी वर तीन धरले आणि टायमर आठवर लावला. काका दारात बसून बघत होते.

“खाली पोटी तं कोनबी पटकन उठते,” ते म्हणाले. “पोट भरल्यावर मोज न बापा.”

मी त्यांना समजावलं की पुस्तकात असंच दिलं आहे. ते उठून खोलीकडे गेले. पुढच्या शनिवारी त्यांनी गावी जायला ट्रंक बांधली. जाताना चपला काढून मोटरपाशी गेले, तळवा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “इले वेळ देजो.”

सोमवारी पट्टे चढवलेले, मशीन भरलेली, व्होल्टेज पडलेलं. बटणावर बोट ठेवलं आणि माझी चूक लक्षात आली. आठ सेकंदांत ही मोटर निम्म्या वेगातही येणार नव्हती. तशीच डेल्टात गेली तर रोज तो झटका खाणार आणि महिन्या-दोन महिन्यांत जळणार. मला त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण शेठजींनी शेजारच्या दोन मिलवाल्यांना बघायला बोलावलं होतं. बाबांनी अख्ख्या सेक्शनला सांगून ठेवलं होतं. सर्टिफिकेट दोन-तीन आठवड्यांत मिळायचं होतं... मी बटण दाबलं.

आठ झाले. नऊ. दहा. मोटर घुमत होती, वेग चढत होता. माझं बोट लाल बटणावर होतं. चौदाव्या सेकंदाला टायमरने मोटर डेल्टात घेतली — इतकी अलगद, की पट्टासुद्धा हलला नाही. अँपिअर मीटरचा काटा जरासा उचलला आणि बसला. शेठजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

टायमर आठवरच होता. मी तीनदा बघितला.

मंगळवारी अकरा सेकंद. बुधवारी पाऊस होता, पट्टे जड — सतरा. प्रत्येक वेळी बरोबर त्या क्षणी, जेव्हा काकांनी ओढलं असतं. रविवारी टायमर काढून कॉलेजच्या लॅबमध्ये नेला. दाब कमी-जास्त करून पन्नास वेळा तपासला. पन्नासही वेळा आठ. नवा आणून बसवला. सोमवारी त्याने तेरा घेतले. आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, कुठेतरी वायरिंग सैल असेल. मी सगळं वायरिंग पुन्हा केलं. फरक नाही.

धान टाकणारा फागूराम माझ्याकडे बरेच दिवस नुसता बघत होता. एकदा मी स्टॉपवॉच घेऊन उभा असताना जवळ आला आणि हळूच म्हणाला, “डोकरा गे नइ हे, भइया.” म्हणजे म्हातारा गेलेलाच नाही. तो घाबरलेला नव्हता. घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगून कामाला लागला.

मी गप्पच राहिलो. मिल चालते आहे ना, मग कशाला बोला — असं मनाला सांगत राहिलो. ट्रेनिंग संपलं, सर्टिफिकेट मिळालं. कॉलेज सुरू झालं तरी मी आठवड्यातून दोनदा सकाळी मिलमध्ये जाऊन सेकंद मोजून यायचो.

मग काकांच्या मुलीचं, वत्सलाताईचं, बाबांच्या नावे पत्र आलं. बाबांना बारीक अक्षर नीट दिसत नाही, म्हणून रविवारी मीच वाचून दाखवलं. काका गावी पोचले त्याच रात्री त्यांना लकवा झाला. डावी बाजू आणि बोलणं गेलं. उजवा हातही उचलत नाहीत, खायलासुद्धा भरवावं लागतं. पण रोज सकाळी आठच्या सुमारास तो हात आपोआप वर येतो. पुढे ढकलल्यासारखा होतो, तसाच ताठ राहतो, कपाळावर घाम येतो. कधी थोडा वेळ, कधी बराच वेळ. मग एकदम छातीकडे ओढतात आणि दिवसभर गळून पडतात. डॉक्टर म्हणतात, शिरेचा दोष. पुढे तिने लिहिलं होतं, “रविवारी मात्र हात उठत नाही. भाऊ, तुमचा मुलगा शिकलेला आहे, त्याले विचारून पाहा. बाबाचा जीव थकून राहिला आहे.”

मी तिथेच वाचायचा थांबलो. बाबांनी विचारलं, कावून थांबला? मी सगळं सांगितलं — टायमर, आठ सेकंद, माझं गप्प राहणं. बाबा कधी हात उगारत नाहीत. त्या दिवशी ते फक्त इतकंच बोलले, “तुई चूक तो उचलून राहिला. जा, सांगून ये.”

मी दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शेठजींसमोर उभा राहिलो. मोकळ्या मोटरवर मोजलं, चूक माझी, काकांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, असं सगळं हिंदीत सांगितलं. बाकीचं, हाताचं, सांगण्याची हिंमत झाली नाही. त्यांनी टायमरकडे बघितलं. “इतनी-सी बात थी. पहले बोल देते,” म्हणाले. मग थोड्या वेळाने: “काका कैसे हैं?” लकवा झाला, एवढंच मी सांगितलं.

त्या संध्याकाळी, मिल सुटल्यावर, सगळे पट्टे चढवून, मशीनमध्ये धान ठेवून मी पुन्हा मोजलं. पोट भरल्यावर. टायमर अठरावर लावला. चपला काढून तळवा मोटरवर ठेवला. काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून म्हटलं, “काका, आता मी देतो वेळ.”

मंगळवारी सकाळी बरोबर अठरा सेकंद. खाडकन, यंत्रासारखा आवाज. तो अलगदपणा नव्हता. फागूरामने मान वर करून बघितलं आणि परत धान ओतू लागला. त्यानंतर आजपर्यंत अठराच — अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वाचकांपैकी कोणी जाणकार असतील तर त्यांनी जरूर लिहावं. मी माझी नोंदवही दाखवायला तयार आहे. वत्सलाताईला मी काही कळवलं नव्हतं. काय कळवणार? दिवस मोजत राहिलो. तेराव्या दिवशी तिचं पोस्टकार्ड आलं.

“मंगळवारी सकाळी बाबाचा हात नेहमीसारखा वर आला. आम्ही सगळे उभे होतो. थोडा वेळ तसाच राहिला. मग बाबा हसले. ओढला नाही. सावकाश पोटावर ठेवला आन् झोपून गेले. तेव्हापासून हात उठला नाही. काल त्याच हाताने त्यांनी पहिल्यांदा भाताचा घास घेतला.”