उशाखालचा नीलम

नानाच्या उशाखाली नीलम होता त्या दिवसांत मी ग्रंथालयातल्या नोकरीवरून दुपारीच घरी येत असे. नाना म्हणजे माझा थोरला भाऊ. धुळ्याच्या एका शाळेत तो चित्रकला शिकवायचा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि आम्ही त्याला जळगावला, मेहरूणच्या घरी घेऊन आलो. पथ्य होतं, पाणी मोजून द्यायचं होतं. त्याहून अधिक करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण हे मायला कोण सांगणार?

शनी आडवा आलाय, नीलम घाला, असं तिला कुणीतरी सुचवलं. सराफ बाजारातल्या ओळखीच्या शेठकडे ती मला घेऊन गेली. त्यांनी एक खडा कागदाच्या पुडीतून काढून गादीवर ठेवला.

"हिऱ्याची पारख आम्ही करतो, अक्का. नीलमची झोप करते. आधी तीन रात्री उशाखाली ठेवा. वाईट स्वप्न पडलं तर तसाच परत आणा, मी काही विचारणार नाही. अंगठीत बसवल्यावर मात्र परत घेणं नाही."

निळ्या फडक्यात बांधलेला तो खडा मायने रिक्षात दोन्ही मुठींत धरून ठेवला होता. घरी आल्यावरही तिने गाठ सोडून पाहिला नाही. तिच्या लेखी ती पाहायची वस्तूच नव्हती.

सकाळी तिचा पहिला प्रश्न, "काय रे, रातले सपन पडनं का?"

"पडनं ना. मुख्याध्यापक माले चहा पाजत व्हता."

"मस्करी नको. ते चांगलं का वाईट?"

"त्याना चहा म्हणजे वाईटच, माय."

ती चिडून चुलीकडे जायची आणि नाना माझ्याकडे बघून हसायचा. हसतानाही त्याला धाप लागायची.

ती बाहेर गेली की नाना उशाखालून फडकं काढायचा. मला खिडकी अर्धी लोटून घ्यायला सांगायचा. भर उन्हात रत्न बघायचं नसतं, ते नुसतं चमकतं आणि रंग लपवतं, असं त्याचं म्हणणं. पांढऱ्या कागदावर खडा ठेवून तो कागद हळूहळू फिरवायचा. मला आधी फक्त एक निळा ठिपका दिसला. मग त्याने तो चिमटीत धरून आडवा केला आणि मी चकित झाले. बाजूने खडा जवळजवळ पाण्यासारखा होता. सगळा निळा रंग खाली टोकाशी एवढासा साचलेला.

"पैलू पाडणाऱ्याचं डोकं बघ," नाना म्हणाला. "रंग होता तेवढाच. त्याने तो बरोबर तळाशी ठेवला. वरून बघितलं की सगळा खडा भरल्यासारखा वाटतो."

आत रेशमाच्या धाग्यांसारख्या अगदी बारीक रेघा होत्या. त्यांच्यामुळे निळा मऊ झाला होता, मोराच्या मानेसारखा. नानाने रंगांची पेटी मागवली. तो निळा त्याला कागदावर हवा होता. निळ्यात किंचित किरमिजी घालून बघितला, पाणी वाढवून बघितला. कागदभर चौकोन झाले आणि एकही जुळला नाही. तरी तो कंटाळला नाही. आजारपणात मी त्याला इतका गुंग झालेला प्रथमच पाहत होते.

मायने एकदा पकडलं. "काय दखस रे सारखं सारखं? तो काय आरसा शे?"

"आरशापेक्षा चांगला शे. यामा मी दिसत नही."

तिसऱ्या सकाळी माय आंघोळीला गेली असताना त्याने मला जवळ बोलावलं. त्याला स्वप्न पडलं होतं. पारोळ्याला, आमच्या आजोळी, किल्ल्याच्या खंदकात तो गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता. माय काठावरून हाका मारत होती आणि त्याला ओ देता येत नव्हती.

"वाईट म्हणावं का, कळत नाही," तो म्हणाला. "पाणी फार सुंदर होतं."

मी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"मायला सांगू नकोस. ती आजच परत नेऊन देईल. मग मी दिवसभर बघू काय?"

माय ओल्या केसांनी आत आली. तिने विचारलं, आणि तो म्हणाला, "काहीच नही. झकास झोप लागनी." तिने माझ्याकडेही पाहिलं. मी उशीचा अभ्रा नीट करत राहिले.

शनिवारी खडा चांदीच्या अंगठीत बसवला. अंगाला लागावा म्हणून खालून उघडा ठेवला होता. पण नानाची बोटं सुजत चालली होती. एकदा अंगठी वाढवून आणली, तरी ती पेराच्या पुढे जाईना. शेवटी मायने ती काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या दंडाला बांधली. तिथे तो खडा त्याला दिसत नसे. पावसाळा सरायच्या आत नाना गेला.

दोरा मायनेच सोडला. अंगठी त्याच निळ्या फडक्यात कपाटात गेली. पुढे कित्येक वर्षं भाजी निवडताना, दळण चाळताना ती मध्येच थांबून विचारायची, "त्याले खरंच सपन पडेल नव्हतं ना?" मी नाही म्हणायचे. ती पुन्हा चाळणी हलवायला लागायची.

मग ती खाटेला खिळली. एका दुपारी तिने तेच विचारलं, मी तेच उत्तर दिलं. या वेळी ती गप्प बसली नाही.

"माले पडेल व्हतं," ती म्हणाली.

ती नानाच्या खाटेजवळ खालीच झोपायची. वाईट होतं एवढंच म्हणाली, काय पाहिलं ते तिने सांगितलं नाही. मनाशी म्हणाली होती, उशी त्याची आहे, स्वप्नही त्याचंच धरायचं. खडा परत दिला असता तर मग तिच्या हातात दुसरं काय होतं?

त्याचं स्वप्न त्या क्षणी सांगितलं असतं तर तिला सोबत मिळाली असती की शिक्षा, ते मला ठरवता येईना. ती वाट पाहत होती. "त्याला नव्हतं पडलं, माय," मी म्हटलं.

कपाटाकडे बोट करून ती म्हणाली, "आन इकडे. काय दखे तो त्यामा?"

मी कपाटातून फडकं काढलं. खिडकी अर्धी लोटली. तिच्या तळहातावर पांढरा रुमाल पसरून त्यावर अंगठी ठेवली आणि तिचा हात हळूहळू फिरवला, नाना कागद फिरवायचा तसा. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तरी ती वाकून, मान तिरकी करून पाहत राहिली.

"माले ते काळाच दिसस," ती म्हणाली.

मी खिडकी पूर्ण उघडली.